मी मालकांना पाडलं नव्हतं

मित्रांनो, मी दूधवाल्याची जुनी मोटारसायकल आहे. किती जुनी ते विचारू नका. माझी टाकी मुळात लाल होती, हे आता फक्त मालकीणबाईंना आठवतं. पण इंजिन अजून एका किकमध्ये सुरू होतं, हे मात्र लिहून घ्या!

कारखान्यात माझा एकेक भाग जोडला, तेव्हा मी शर्यतीची स्वप्नं पाहिली होती. नशिबी आले दुधाचे दोन मोठे कॅन, एक डावीकडे, एक उजवीकडे. खोटं कशाला बोलू, मला रडू आलं होतं. पण पुढे लोक माझ्या आवाजावर उठू लागले. "दूधवाल्याची गाडी आली, चला, उठा," असं घरोघरी ऐकू येई. मग माझा तोरा काय विचारता! मालकही रोज मला पुसायचे आणि चारचौघांत माझं कौतुक करायचे.

रस्त्यात लाकडाच्या वखारीपाशी एक अवघड वळण आहे. बाहेरच्या बाजूला दगडी कठडा आहे. जाताना कॅन भरलेले असायचे. दूध हिंदकळू नये म्हणून मालक वळणाच्या बरेच आधी वेग उतरवायचे आणि मग मला अलगद वळवायचे. येताना कॅन रिकामे, पोटात कावळे, आणि मालक सुसाट! हळूहळू मला पुसणंही राहिलं. मागचा टायर झिजून गुळगुळीत झाला, तिकडे कोणी पाहिलं नाही.

एके दिवशी येताना ते त्या वळणात फारच वेगाने शिरले. समोर कठडा दिसला आणि त्यांची नजर तिथेच खिळली. मित्रांनो, माणसाची नजर जाते तिकडेच आमचं चाक जातं. त्यात त्यांनी घाबरून वळणाच्या मधोमध करकचून ब्रेक दाबला. ब्रेक आणि वळण, दोघांनाही रस्त्यावरची आमची पकड एकाच ताटातून मिळते. ब्रेकने ती सगळी खाल्ली, की वळायला काही उरत नाही. माझं मागचं चाक सरपटलं आणि आम्ही दोघं कठड्यावर आदळलो.

मालकांच्या खांद्याचं हाड मोडलं. माझा दिवा फुटला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते सांगायचे, "गाडीने दगा दिला हो!" मी अंगणात उभी राहून ते ऐकत होते. इतक्या वर्षांच्या चाकरीचं हे फळ! मला फार लागलं ते.

मालकीणबाईंनी शेजाऱ्यांच्या टेम्पोतून दुधाचा रतीब कसाबसा चालू ठेवला. खांदा बरा झाल्यावर मालक माझ्यावर बसले, पण वळण आलं की त्यांचे हात लाकडासारखे ताठ व्हायचे. शेवटी त्यांनी भंगारवाल्याला निरोप धाडला.

"आठ दिवस थांबा," मालकीणबाई म्हणाल्या. "भरल्या कॅनने तुम्ही एकदाही पडला नाहीत. पडलात ते रिकाम्या कॅनने. मग दोष गाडीचा कसा हो?"

"अगं, तुला काय कळतं गाडीतलं?"

"गाडीतलं नसेल कळत, तुमच्यातलं कळतं."

त्यांनी आधी मेकॅनिककडून मला नवा टायर आणि दिवा बसवून घेतला. मग दोन्ही कॅनमध्ये चार बोटं कमी पाणी भरलं, झाकणं घरीच ठेवली आणि मागे बसल्या. "आठव्या दिवशी पाणी सांडलं, तर खुशाल विका हिला."

पहिल्या दिवशी मालकांनी वळणात ब्रेक दाबला आणि बाई गुडघ्यापर्यंत चिंब झाल्या. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी त्यांनी मागून दोन्ही हातांनी मालकांचं हेल्मेट धरलं आणि वळण संपतं त्या बाजूला वळवलं. "कठड्याशी सोयरीक करायचीय का? तिकडे बघा, जायचंय तिकडे!" वखारीतले कामगार हसून हसून लोळले.

आठव्या दिवशी भंगारवाला आपली हातगाडी घेऊन वखारीपाशीच थांबला. माझ्याकडे बघून त्याने दोर सोडायलाही घेतला.

मालकांनी सरळ रस्त्यावरच वेग उतरवला आणि गिअर खाली घेतला. नजर वळणाच्या टोकाला लावली. ब्रेक सोडून ॲक्सिलरेटरची मूठ हलकेच पिळत ठेवली. मी कलले.

"अगं, कलतेय ही!"

"कलू द्या की! पाणी सांडतंय का बघा."

मित्रांनो, गाडी वळताना कलतेच, त्यात भिण्यासारखं काही नाही. पाणी सांडतं ते झटक्याने. आम्ही वळणाबाहेर आलो तेव्हा दोन्ही कॅन होते तेवढेच भरलेले होते.

मालक उतरले आणि त्यांनी माझ्या टाकीवर हात ठेवला. मग भंगारवाल्याला म्हणाले, "जा बाबा तू. हिने नव्हतं पाडलं मला. मीच घाईत होतो." सगळ्यांदेखत म्हणाले! मला भरून आलं.

तेव्हा मित्रांनो, घरातलं कोणी दुचाकीवर निघालं, की आधी टायर बघायला लावा. वळणाआधीच हळू व्हा आणि जायचं तिकडेच बघा, असं बजावून सांगा. मोठ्यांना सांगायला लाजू नका. माझा दिवा मेकॅनिकने तासाभरात बदलला होता. मालकांचा खांदा मात्र थंडीत अजून ठणकतो, आणि त्या दिवसांत कॅन मालकीणबाईंनाच उचलावे लागतात.