साक्षीतला 'मी'

लान्येरोला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात सहा महिन्यांची विद्यावेतनाची जागा मिळाली, तेव्हा तिच्या गावी, गुलूच्या बाजारात, तिच्या आईने मुलगी न्यायाधीश झाल्याचं सांगून टाकलं. खरं काम होतं कर्मचारी आरोग्य विभागात. खुर्च्यांची उंची मोजायची, दिव्यांचा उजेड तपासायचा, कुणाची मान, कुणाचं मनगट दुखतंय याच्या नोंदी ठेवायच्या. लान्येरोने ते मन लावून केलं.

तिसऱ्या महिन्यात तिच्याकडे दुभाष्यांच्या काचेच्या खोल्या आल्या. अकोली, म्हणजे लान्येरोच्याच मातृभाषेच्या, दुभाषी अदोंगबाई घसा बसतो म्हणून तीनदा येऊन गेल्या होत्या. घशात दोष सापडला नव्हता. खोलीतली हवा, खुर्ची, आवाज, सगळं नियमात बसत होतं. तरी लान्येरोच्या मनाचं समाधान होईना. खुल्या सुनावणीच्या दिवशी परवानगी काढून ती अदोंगबाईंच्या मागे जाऊन बसली.

साक्षीदार बाई अकोलीत बोलत होती आणि अदोंगबाई तिचं बोलणं इंग्रजीत सांगत होत्या. "माझं घर पेटवलं. मी धाकट्याला गवतात लपवलं आणि पळाले." नियमच तसा होता, साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. लान्येरो दोन्ही भाषा ऐकत होती. दोन्हींत तिला तोच 'मी' ऐकू येत होता.

दुपारी कॅन्टीनमध्ये अदोंगबाईंनी ब्रेडला हातही लावला नाही. लान्येरो समोर बसली आणि अकोलीत म्हणाली, "मावशी, साक्ष संपली की तो 'मी' कुठे जातो?"



"कुठे जायचाय? ट्राममधून माझ्याबरोबर घरी येतो," अदोंगबाई म्हणाल्या. "पण हे कुठे लिहू नकोस गं. एकवीस वर्षं झाली. म्हातारीला आता झेपत नाही, असं कुणी म्हणायला नको."

लान्येरोने शब्द दिला. मग तिने नाव न विचारणारी एक साधी प्रश्नावली तयार केली आणि विभागप्रमुख डॉक्टर हुक्स्ट्रांची संमती घेऊन सगळ्या दुभाष्यांना पाठवली. चौदांपैकी अकरा जणांनी लिहिलं, की साक्षीनंतर झोप लागत नाही, घास उतरत नाही, आवाज बसतो. प्रत्येकाला वाटत होतं, हे फक्त आपलंच होतंय.

डॉक्टर हुक्स्ट्रा उंच आणि तुटक बोलणाऱ्या. त्यांनी कागद दोनदा वाचले आणि विचारलं, "हे सुचलं कुणामुळे?"

"ते नाही सांगता येणार, डॉक्टर."

"मलासुद्धा?"

"तुम्हालासुद्धा."

डॉक्टरांनी मान डोलावली. अहवालावर स्वतःच्या नावाच्या वर त्यांनी लान्येरोचं नाव टाकलं आणि अधिकारी व दुभाषी यांच्या बैठकीत तिलाच बोलायला लावलं.

मागणी लहानच होती. जड साक्षींच्या वेळी पाळी अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटांची, नंतर एक तास पूर्ण सुट्टी, आणि हवं त्याला समुपदेशक, तेही कामाच्या वेळेत. टेबलाच्या टोकाचे एक अधिकारी म्हणाले, की हे लोक मुरलेले आहेत, त्यांची तक्रार तर कधी आली नाही.  लान्येरो उत्तर जुळवत होती, तोवर मागच्या रांगेतून अदोंगबाई उभ्या राहिल्या.

"तक्रार माझी आहे," त्या बसक्या आवाजात म्हणाल्या. "या पोरीने माझं नाव पोटात ठेवलं. मीच सांगते आता."

त्यांच्यामागे फ्रेंचचा दुभाषी उभा राहिला, मग स्वाहिलीची.

सहा आठवड्यांच्या प्रयोगाला त्याच दिवशी मंजुरी मिळाली. बाहेर आल्यावर अदोंगबाईंनी लान्येरोचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि तू कुणाची गं, म्हणून विचारलं. लान्येरोने आईचं नाव सांगितलं, आजीचं सांगितलं, गावाचंही सांगितलं. सांगताना तिची मान ताठ होती.