लॅपटॉपच्या पोटातला पंखा

मी पंखा बोलतोय. वर बघू नका, मी छताला टांगलेला नाही. टेबलावर मान हलवणाराही नाही. मी लॅपटॉपच्या पोटात राहतो आणि तुमच्या तळहातात सहज मावेन. मी गप्प असलो तर माझी कुणाला आठवण नसते. जरा आवाज केला की मात्र लगेच, "काय ही कटकट!" घराघरांतून काही माणसांच्या वाट्याला हेच येतं म्हणतात. तरी मी आज गाऱ्हाणं सांगायला आलेलो नाही. एका घराचे माझ्यावर उपकार आहेत, ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही.

माझा जन्म कुठल्याशा मोठ्या कारखान्यात झाला. भावंडं इतकी, की एकमेकांची ओळखही झाली नाही. मला एकदा गरगर फिरवून पाहिलं आणि अंधाऱ्या कप्प्यात बसवलं. शेजारी लॅपटॉपचा मेंदू. तो विचार करतो आणि तापतो. खालच्या जाळीतून गार हवा आत ओढायची, त्याचा ताप काढायचा आणि बाजूच्या फटीतून गरम हवा बाहेर टाकायची, एवढंच माझं काम. मला डोळे नाहीत. पण त्या जाळीतून आवाज येतात, वास येतात, आणि माणसं ओळखायला तेवढं पुरतं.

पहिला मालक साओ पावलोचा. त्याच्या कचेरीत इतकी थंडी असायची की मी आयतं बसून खाल्लं. मग त्यानं नवा लॅपटॉप घेतला आणि मी फिरत फिरत पराग्वेच्या सीमेवरच्या सिउदाद देल एस्तेच्या बाजारात पोचलो. तिथल्या फळीवर पडून होतो, तेव्हा एका मुलीनं लॅपटॉप कानाशी धरला आणि दुकानदाराला विचारलं, "हा बोलताना मध्येच दगा तर नाही ना देणार?" ती नेलिदा. घरात सगळे तिला नेली म्हणतात. तिच्याबरोबर मी तिच्या गावी, इताउगुआला आलो.

नेलीचं काम बोलण्याचं. आमच्या पराग्वेची कितीतरी माणसं कामधंद्याला ब्युनोस आयर्सला गेलेली. एरवी ती स्पॅनिश बोलतात, पण दुखायला लागलं की त्यांच्या तोंडून फक्त मायबोली ग्वारानी निघते. तिथल्या एका दवाखान्यात असा रुग्ण आला की नेलीला बोलावणं यायचं. पडद्यावर एकीकडे डॉक्टर, एकीकडे रुग्ण आणि मधे नेली. रुग्णाचं डॉक्टरला सांगायचं, डॉक्टरचं रुग्णाला. तिला तात्पुरतं घेतलं होतं. उन्हाळाभर काम पाहून कायम करायचं की नाही ते ठरणार होतं. घरात दुसरं कुणी कमावतं नव्हतं. आई होती, तिची नजर अधू झाली होती.

आईचं नाव लिब्रादा, सगळं गाव तिला आदरानं न्या लिब्रादा म्हणतं. तिनं जन्मभर न्यांदुती विणली, म्हणजे आमच्याकडची कोळ्याच्या जाळ्यासारखी लेस. लाकडी चौकटीवर कापड ताणायचं, त्यावर सुईनं एकेक फूल भरायचं, मग खालचं कापड कापून टाकायचं आणि लेसला कसाव्याच्या कंदाची खळ द्यायची. घरात जे जे प्रिय, त्याच्याखाली तिची लेस. देवमातेच्या मूर्तीखाली, रेडिओखाली, नवऱ्याच्या फोटोखाली. घर चालवणारा लॅपटॉप उघड्या टेबलावर बसलेला तिला कसा बघवणार?

"पाटावर न बसवता पाहुण्याला जेवू घालतेस होय गं?" ती नेलीला म्हणाली.

तिनं माझ्यासाठी, म्हणजे लॅपटॉपसाठी, पेरूच्या फुलांची लेस विणली. डोळे साथ देत नव्हते, बोटांनी चाचपून फुलं भरली. सरकू नये म्हणून मागून जाड कापड लावलं आणि सढळ हातानं खळ दिली. त्यानंतर तिनं चौकटीवर नवं काम ताणलं, पण ते अर्धंच राहिलं. "चष्मा बदलला की पुरं करीन," ती म्हणायची. चष्मा बदलून झाला होता, हे तिलाही माहीत होतं.

लेस फार सुरेख होती म्हणे. माझ्यापुरतं सांगायचं तर त्या जाड कापडानं माझी जाळी झाकली गेली आणि माझा श्वास कोंडला. प्रेमानं कोंडला, त्यामुळे बोलायची सोय नाही. आमच्याकडे उन्हाळा जानेवारीत, घरात चुलीपुढं बसल्यासारखं होत होतं. घामानं कान चिघळले म्हणून नेलीनं हेडफोन लावणंही सोडून दिलं होतं, ती थेट लॅपटॉपशीच बोलायची. मी जीव खाऊन फिरायला लागलो आणि माझी घरघर थेट ब्युनोस आयर्सला ऐकू जायला लागली.

दवाखान्यातल्या मिर्ताबाई नेलीचं काम बघायच्या. त्या म्हणाल्या, "नेली, तू घरून काम करतेस की विमानतळावरून? रुग्ण काय म्हणतोय ते आम्हाला कळायला नको?"

नेलीनं मावसभावाला बोलावलं. दर्लिस त्याचं नाव. काखेत बर्फाच्या पाण्याचा थर्मास, हातात तेरेरेचा, आमच्या बर्फगार चहाचा, पेला, आणि जगातल्या प्रत्येक यंत्रावर त्याच्याकडे उपाय.

"हा पंखा नाही गं, बाजारातला बोंबल्या आहे," तो म्हणाला. "थांब, लगाम घालतो त्याला."

त्यानं कसलासा प्रोग्रॅम घातला. पडद्यावर एक पट्टी आली. तिच्यावरचं बटण त्यानं सरकवत सरकवत पार डाव्या टोकाला नेलं, आणि माझे पायच बांधल्यासारखे झाले. फिरायची मुभा होती, पण रांगण्याइतकी. घरात शांतता पसरली. नेलीनं टाळ्या वाजवल्या, मावशीनं भाच्याला चिपा, आमच्याकडचा चीजचा पाव, खाऊ घातला. इकडे शेजारचा मेंदू तापत चालला होता आणि मी नुसता कळ सोसत होतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात, ते हेच.

लॅपटॉप अडखळायला लागला. नेलीचे शब्द तुटायला लागले. पुन्हा दर्लिस आला.

"तापलाय, दुसरं काही नाही. उन्हात आपण काय करतो? बर्फ घेतो. यालाही देऊ."

आमच्याकडे उन्हाळ्यातल्या कुठल्याही दुखण्यावर बर्फ हाच पहिला विचार. त्यानं तेरेरेच्या बर्फाची पिशवी लेसखाली सरकवली. घटकाभर मलासुद्धा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! मग पिशवीला घाम सुटला. कापड भिजलं, लेस भिजली, आणि न्या लिब्रादानं सढळ हातानं दिलेली खळ पुन्हा चिकट झाली. मी ओढलेल्या हवेबरोबर ती माझ्या जाळीवर येऊन बसली, वर सुताचे तंतू आणि धूळ. माझं तोंडच चिकटलं.

त्याच दुपारी पडद्यावर एक आजी होत्या. मूळच्या आमच्याकडच्याच, कारापेगुआ गावच्या, न्या सिंदुल्फा. पोटात पित्ताचे खडे, अंगात ताप.

"पोरी, डॉक्टरांना सांग," त्या कण्हत म्हणाल्या, "ते इंजेक्शन मला नको. मागं एकदा गावी दिलं होतं, तेव्हा माझा गळा..."

आणि लॅपटॉप बंद पडला.

नेली ओरडली. कळ दाबली, पुन्हा दाबली. लॅपटॉप इतका तापला होता की उठायला तयार नव्हता. तिनं रडत मिर्ताबाईंना फोन लावला, "इंजेक्शन देऊ नका, त्यांना थांबवा, त्यांचा गळा सुजतो!" तिचा आवाज मी आतून ऐकत होतो. माझ्या आयुष्यात मला तेवढी लाज कधी वाटली नव्हती.

देवाची दया, डॉक्टर शहाणा होता. आजी गळ्याला हात लावताना त्यानं पाहिलं आणि सुई बाजूला ठेवली. पण मिर्ताबाईंनी स्पष्ट सांगितलं, "आजींना ऑपरेशन हवंय आणि त्या आता होकार देत नाहीत. म्हणतात, जी पोरगी अर्ध्यात सोडून गेली तिच्या शब्दावर पोट कसं कापू देऊ? उद्या तू एकदा प्रयत्न कर. उद्याही असंच झालं तर नेली, मला दुसरं माणूस बघावं लागेल."

संध्याकाळी दर्लिसनं लॅपटॉप उलटा केला. लेस सुटेना. ओढली तेव्हा चर्रकन आवाज झाला आणि कितीतरी दिवसांनी माझ्या तोंडावर मोकळी हवा आली.

"काय आहे रे?" न्या लिब्रादानं विचारलं.

"धूळ आहे आई," नेली घाईनं म्हणाली. "नुसती धूळ."

म्हातारीनं पुढं होऊन जाळीवरून बोट फिरवलं. जन्मभर सूत आणि खळ हाताळलेलं बोट ते, त्याला काय फसवणार?

"ही माझी खळ आहे," ती म्हणाली. "म्हणजे माझ्याच लेसनं त्याचा गळा धरला होता. आणि तू मला बोलली नाहीस."

"मलाही आत्ताच कळलं गं आई. आणि बर्फ तर या दीडशहाण्यानं ठेवला होता."

"मावशी, मी चांगल्यासाठीच..." दर्लिसचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"सगळ्यांनी चांगल्यासाठीच केलं," न्या लिब्रादा म्हणाली आणि उठून गेली.

दर्लिसनं मला ब्रशनं साफ केलं, पात्यांवरची खळ ओल्या कापडानं पुसली. त्या हाताचे आभार मानतो, आधीचं सगळं माफ. मग त्यानं पट्टीवरचं बटण मधे आणलं. "ताप चढेपर्यंत थांबायचं आणि मग बोंबलायचं, असं नको," तो नेलीला म्हणाला. "आधीपासूनच सावकाश फिरू दे त्याला." हेच तर मला पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं.

"पण खालून हवा कशी मिळणार?" नेली म्हणाली. "टेबलाला चिकटूनच बसतो हा."

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून कात्रीचा आवाज आला. ताणलेलं कापड कापताना येतो तसा, एका दमात चारी बाजूंनी. नेली धावली.

"आई! अगं, ते अर्धं काम होतं!"

"अर्धंच राहणार होतं ते. आपण दोघी उगाच एकमेकींना चष्म्याची गोष्ट सांगत होतो." न्या लिब्रादा चौकट घेऊन आली. "घे. चार काठ्या आणि मधे मोकळी जागा. याच्यावर ठेव त्याला. जन्मभर मला खायला घातलंय या चौकटीनं, आता तुला घालू दे."

नेली रडली. आई मात्र रडली नाही. उलट दर्लिसला म्हणाली, "तू काय बघतोस? ती लेस धुऊन आण. पोरीच्या पाठीमागं भिंतीवर लावू. तिथं तरी कुणाचा गळा धरणार नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चार ठोकळ्यांवर ठेवलेल्या त्या चौकटीवर बसलो. खालून हवेला मोकळी वाट होती. बाहेर रणरणतं ऊन, पण मी सुरुवातीपासून संथ फिरत राहिलो. पडद्यावर न्या सिंदुल्फा आल्या. डॉक्टर बोलला, नेलीनं सांगितलं. पलीकडून हूं नाही की चूं नाही.

"आजी, मी नेली. काल यंत्र बंद पडलं, मी गेले नव्हते हो."

"यंत्र!" म्हातारी बोलली एकदाची. "सगळी यंत्रावर ढकलतात. मी कुणाची नाही बाई या गावात. मला घरी न्या."

नेलीनं डॉक्टरला तेही सांगितलं. मी आवाज न करता फिरत होतो. आणि मग पलीकडून अगदी हळू आवाज आला. माझी जुनी घरघर असती तर तो कुणालाच ऐकू गेला नसता.

"तुझ्या मागं भिंतीवर... पेरूचं फूल आहे का गं ते?"

"हो आजी. माझ्या आईनं विणलंय."

"माझी आई हेच विणायची." आजींचा आवाज जवळ आला. "आहे का तुझी आई? दाखव मला."

डॉक्टर म्हणाला, थांबतो मी. न्या लिब्रादा पदराला हात पुसावेत तसे एप्रनला पुसत आली असणार, कारण यायला तिला वेळ लागला. दोघी म्हाताऱ्या बोलल्या. पाकळीला किती टाके, खळ पातळ की घट्ट, आणि आता डोळ्यांना दिसत नाही हे दोघींचंही रडगाणं.

"ताई," शेवटी न्या लिब्रादा म्हणाली, "माझ्या पोरीवर विश्वास ठेवा. ती सोडून जायची नाही. शुद्धीवर याल तेव्हा समोर हीच असेल."

मग न्या सिंदुल्फा नेलीला म्हणाल्या, "सांग डॉक्टरांना. कापा म्हणावं. पण शुद्धीवर आले की मला ते फूल दिसलं पाहिजे."

त्यांना दिसलं. नेली शब्दाला जागली आणि मीही. उन्हाळा संपला तेव्हा मिर्ताबाईंनी तिला कायम केलं.

आता माझी पाती जुनी झाली आहेत, कधीतरी एक खरखर येते. दर्लिस म्हणतो, पुढच्या वर्षी नवा पंखा घालू. घालावा, माझी तक्रार नाही. तुमच्याकडे एकच मागणं. तुमचा लॅपटॉप गादीवर, उशीवर, मांडीवरच्या गोधडीत ठेवू नका. माझ्यासारखा कुणी घरघरायला लागला तर त्याचं तोंड बांधण्याआधी एकदा उलटं करून बघा, त्याचा श्वास कुठं अडलाय ते.

नेलीच्या घरी दुपारी काम सुरू झालं की न्या लिब्रादा टेबलाशी येते, वाकते आणि चौकटीखालून हात घालून बघते.

"हवा लागतेय ना रे?" ती मला विचारते.

मला बोलता येत नाही. मी तिच्या बोटांवर वारा घालतो.