दुपदरी गाळणं

मला एका जागी बसता येत नाही, हे आमच्या निपाणीत सगळ्यांना ठाऊक आहे. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, प्रवचनाला बसले तरी माझा पाय हलत असतो आणि मागच्या बायका आईला म्हणतात, "त्रिशलाक्का, पोरीला उठवा, सतरंजी हलायलीय." मग हिला गाडी पळवायचा नाद कुठून लागला, असं कुणी विचारलं की मला हसू येतं. अहो, गाडीत बसल्यावरच तर माझा जीव थाऱ्यावर असतो.

गाडी पांढरी, दोन दारांची, टर्बोची. मामाच्या अभिनंदननं हौसेनं घेतली होती. पुढं त्याचं लग्न झालं, जुळी मुलं झाली, मागच्या सीटवर त्यांच्या खुर्च्या काही मावेनात, आणि गाडी माझ्या गळ्यात पडली. गळ्यात कसली, मीच झडप घातली. मी बेळगावात उद्यमबागेतल्या एका कास्टिंगच्या कारखान्यात नोकरी करते आणि शनिवारी घरी येते. माझा पगार कुठं जातो हे घरी कुणी विचारत नाही, कारण तो दारातच उभा असतो.

कोल्हापूरजवळच्या ट्रॅकवर कोईमतूरचा एक रेसिंग संघ दरवर्षी एक नवा ड्रायव्हर निवडतो. आपली गाडी आपण आणायची, सलग दहा फेऱ्या मारायच्या, आणि शेवटची फेरीही पहिलीइतकीच जलद निघाली पाहिजे. वयाची अट आहे, आणि या वर्षानंतर मी त्या अटीत बसणार नव्हते. उन्हाळ्यातल्या चाचणीत सुरुवातीला मी सगळ्यांच्या पुढं होते. मग तेल तापलं. टर्बोचं चाक तेलावरच फिरतं. ते तेल फार तापून पातळ झालं की इंजिन वाचवायला गाडीचा कॉम्प्युटर आपणहून ताकद कापतो. माझा पाय तळाला टेकलेला आणि गाडी आपली वरातीतल्यासारखी चाललेली! बाकीचे बाजूनं निघून गेले. त्या दिवशी मी हेल्मेट न काढता रडले.

संघाचे मॅनेजर म्हणाले, "ड्रायव्हर चांगली आहे, गाडी आजारी आहे. दिवाळीआधी शेवटची चाचणी आहे, तेव्हा बरी करून आण."

गाडी बरी करायला मी युवराजकडे दिली. युवराज नंदगडचा, उद्यमबागेत त्याचं गॅरेज आहे, आणि मी एकदा चिडले की तो दुप्पट सावकाश काम करतो. इंजिनातलं तेल बाहेर काढून पुढच्या बंपरमागं बसवलेल्या कूलरमधून फिरवायचं आणि गार करून परत आत सोडायचं, एवढाच बेत. पण त्या एवढ्याशासाठी गाडीचं सगळं तोंड उघडून ठेवलं त्यानं. तेलाच्या फिल्टरच्या बुडाशी एक जोड बसवला. त्यात वॉल्व्ह होता, तेल पुरतं तापल्याशिवाय कूलरची वाट न उघडणारा. शेजारच्या हायड्रॉलिकवाल्याकडून जाड पाइपांना टोकं दाबून आणली. मी रोज सुट्टी झाली की जाऊन त्याच्या डोक्यावर उभी राहायची.

"झालं का?"

"व्हतंय."

"कूलर बसला की! आता काय राहिलं?"

"वाऱ्याची वाट," तो पुठ्ठा कापत म्हणाला. "वारा लई आळशी असतोय, ब्राह्मी. सरळ वाट दिली न्हाय तर बगलेतनं पळून जातोय. मग फुडं येवढा कूलर लावून काय पूजा करायची व्हय?"

पुठ्ठ्याच्या मापानं त्यानं पत्रा वाकवला आणि बंपरच्या खालच्या जाळीपासून कूलरपर्यंत बंद बोगदा केला. एका फटीतून बोटसुद्धा जाणार नाही असा. चाचणीच्या आदल्या दिवशी, शनिवारी दुपारी, गाडी माझ्या हातात आली.

मी बेळगावातून सुटले ती थेट निपाणीकडं. घाई दोन कारणांची. एक तर कूलर पारखायचा होता, आणि दुसरं म्हणजे दिवस बुडायच्या आत घरी पोचायचं होतं. आमच्यात दिवस बुडल्यावर जेवत नाहीत. मी बेळगावात वाटेल तेव्हा वाटेल ते खाते, ते आईला माहीत असून माहीत नाही. पण शनिवारी ती ताट वाढून थांबते आणि मी आल्याशिवाय स्वतः घास घेत नाही. तवंदीच्या घाटात मी मुद्दाम खालच्या गिअरवर गाडी रेटली. तेलाचा काटा जरा वर सरकला, वॉल्व्ह उघडला असणार, आणि मग काटा जागच्या जागी थांबला. घाट संपेपर्यंत हलला नाही. स्तवनिधीच्या देवाला मी स्टिअरिंग न सोडता नमस्कार केला आणि एकटीच मोठ्यानं ओरडले.

दारात गाडी लावली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. आई बाहेर आली. हसत होती. "आलीस? चल, हात-पाय धू," म्हणत गाडीला वळसा घालून निघाली आणि पुढच्या बाजूला थांबली. मग खाली बसली.

पाऊस नुकता सरलेला. हायवेच्या कडेला ऊस, सोयाबीन, गवत, सगळीकडं किडे उडत असतात. बंपरच्या खालच्या जाळीतून ते आत ओढले गेले होते आणि कूलरच्या बारीक पात्यांवर चिकटले होते. हिरवे तुडतुडे, पतंग, एक पिवळं फुलपाखरू अर्धं.

"ह्ये नवीन बसवलंस ते ह्येच का?" आईनं विचारलं.

"हो. तेल गार राहतं त्यानं. आई, काटा हलला नाही बघ! अख्खा घाट!"

"तेल गार व्हायला येवढे जीव?"

मला हे येणार हे कळायला हवं होतं. आमच्या घरी नळाचं पाणीसुद्धा दुपदरी फडक्यातून गाळतात. विहीर होती तोवर आई फडकं उलटं करून, त्यावर आलेले जीव त्याच विहिरीच्या पाण्यात हलकेच सोडून यायची. ज्या पाण्यातले त्याच पाण्यात, दुसऱ्या नाही. त्यात चातुर्मास चाललेला. पण माझा संयम म्हणजे काडेपेटीच.

"आप्पांच्या तंबाखूच्या ट्रकांपुढं काय फुलं पडतात का? त्यांच्या रेडिएटरवर बघ जाऊन कधी!"

"त्ये मला दिसलं न्हाय," आई म्हणाली. "ह्ये दिसलं."

आप्पा, माझे वडील, पायरीवर आले होते, त्यांनी चष्मा पुसायला घेतला. आई बसून राहिली. पदराच्या टोकानं एकेक किडा सोडवत, कुठला हलतोय का बघत. मी आत-बाहेर येरझाऱ्या घातल्या. "जेवून घे, मग कर ते," म्हटलं. तिनं नाही म्हणून मान हलवली. दिवस बुडाला, आणि वाढलेलं ताट झाकून ठेवावं लागलं.

"जाऊ नगं म्हणणार न्हाय मी," दिवा लावताना ती म्हणाली. "जा. मी बी येतो उद्या बघायला."

आजवर ती एकदाही आली नव्हती. मला आनंद व्हायला हवा होता, पण मी पुन्हा येरझाऱ्या घालायला लागले.

सकाळी गार हवेत निघालो. पुढं मी, मागं जीपमध्ये आप्पा, आई आणि डबा. चाचणीशिवाय माझं कशाकडं लक्ष नव्हतं. कागलपर्यंत साध्या वेगानं गेले, काटा नेहमीपेक्षा थोडा वर वाटला, पण मी म्हटलं, ब्राह्मी, तुझ्या डोळ्यांनाही आता ताप आलाय. ट्रॅकवर युवराज बेळगावहून मोटरसायकलवर आधीच येऊन बसला होता.

चाचणीआधी गाडी गरम करायला थोड्या फेऱ्या देतात. पहिल्याच फेरीत काटा चढला. दुसरीत उन्हाळ्यात होता तिथं पोचला. तिसरीत गाडीनं ताकद सोडली. सगळं तसंच, तेच वळण, बाजूनं जाणारे तेच आवाज. मी गाडी आत आणली आणि दार उघडायच्या आधीच युवराजवर तुटून पडले.

"काय केलंस तू? काय बसवलंस? महिनाभर पुठ्ठे कापत बसलास! माझं वर्ष गेलं, युवराज, कळतंय का? पुढचं वर्ष नाहीये मला!"

गाडीखाली हात घालून त्यानं पाइपाला बोट लावलं आणि झटकन काढलं. "तेल फिरतंय. वॉल्व्ह उघडलाय," तो म्हणाला. "वाराच येत न्हाय." मग पोटावर झोपून त्यानं जाळीत बॅटरी मारली.

"ब्राह्मी, ह्ये काय गं?"

जाळीमागं पांढुरकं दिसत होतं ते मी सकाळपासून कूलर समजत होते. ते कापड होतं. जाड, दुपदरी, चारी कोपऱ्यांना नाड्या लावून बोगद्याच्या तोंडावर ताठ बांधलेलं. आमच्या स्वयंपाकघरातलं पाण्याचं फडकं.

"त्याला हात लावू नगा," मागून आई म्हणाली. "मी बांधलंय."

मी गर्रकन वळले.

"फाटे उठून बांधलं, तू निजली व्हतीस तवा. पाणी जातंय त्यातनं, तर वारा न्हाय जायाचा? वारा तर पाण्यापरास हलका." तिनं हे अशा विश्वासानं सांगितलं की युवराज जमिनीकडं बघत राहिला. "मला वाटलं तुझं तेल बी निवंल आणि जीव बी वाचतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी जे बोलले ते इथं सगळं लिहिणार नाही. तुझ्या पापपुण्यापायी माझ्या आयुष्याची माती केलीस, हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आजूबाजूची माणसं हातातली कामं टाकून बघत होती. आप्पा म्हणाले, "ब्राह्मी, पुरे," तरी मी थांबले नाही. आई मात्र शांत उभी राहिली आणि मला दम लागल्यावर तिनं युवराजला विचारलं, "फडकं काढलं तर तेल निवंल?"

"निवंल, काकू."

"आणि न्हाय काढलं तर?"

"तर हिला हळू चालवाय लागंल," तो म्हणाला. "आणि ही कुठं हळू चालवतीया?"

मॅनेजर आले होते. त्यांनी फडक्याकडं बघितलं, आईकडं बघितलं, आणि काय समजायचं ते समजून म्हणाले, "इंजिन थंड होऊ दे. शेवटची पाळी तुझी. त्यानंतर मी कुणासाठी थांबत नाही."

युवराजनं खिशातून ब्लेड काढलं. आईनं त्याला हातानंच थांबवलं. लुगड्याचा काचा सावरून ती डांबरावर आडवी झाली, हात आत घालून एकेक गाठ सोडवली, आणि फडकं आतल्या बाजूला दुमडून बाहेर घेतलं. सकाळच्या साध्या वेगामुळं असेल, त्यावरचे पुष्कळ किडे जिवंत होते. एक टोळ तर तिच्या मनगटावर चढला. ते फडकं दोन्ही हातांत धरून ती कुंपणाकडच्या गवतापर्यंत गेली आणि तिथं घोटाळली.

"अहो," तिनं आप्पांना विचारलं, "ही कुठली असतील? आपल्याकडची, का कागलची?"

आप्पा तिच्याजवळ गेले. "सोड इथंच, त्रिशला. कर्नाटकातली असली तरी महाराष्ट्रात त्यांना कोण अडवत न्हाय."

युवराजला हसू फुटलं. आईलाही आलं थोडंसं. मला नाही आलं. ती वाकून फडकं गवतावर हलकेच झटकत होती आणि माझी तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती.

माझी पाळी आली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. पहिल्या फेरीत मी फक्त काटा बघितला. चढला, वॉल्व्ह उघडला, थांबला. मग मी काट्याकडं बघणं सोडलं. वळणं आपोआप येत गेली, हात आपोआप फिरत गेले. कितव्या फेरीला आहे हेही विसरले आणि झेंडा दिसला तेव्हा वाईट वाटलं. शेवटची फेरी पहिलीपेक्षाही जलद निघाली होती. मॅनेजरनी माझ्या हातात हात दिला. "जानेवारीत कोईमतूरला ये. शर्यतींचं वर्ष आहे पुढं, तयारी ठेव."

युवराजनं मला उचलायचंच बाकी ठेवलं. मी त्याची माफी मागितली, तर म्हणाला, "राहू दे गं, तू न्हाय बोललीस तर मला काम सुचत न्हाय." मी धावत जीपकडं गेले. आई पायरीवर डबा मांडून बसली होती. दशम्या, वांग्याची भाजी, दही. सकाळपासून माझ्या पोटात काही नव्हतं.

"निवड झाली, आई!"

"व्हय, आप्पा सांगालते." तिनं माझ्या कपाळावरचा घाम पुसला. "किती शर्यती असत्यात गं वर्षात?"

"पुष्कळ. शिवाय सराव. का?"

ती दशमीवर भाजी वाढायला लागली. आप्पाच म्हणाले, "तिनं नेम घेतलाय. तू गाडी पळवशील त्या दिशी तिचा उपास."

मी डब्याकडं बघितलं. एकच ताट काढलेलं होतं. काल दुपारनंतर तिनंही काही खाल्लं नव्हतं, आणि मी तिला सगळ्यांसमोर काय काय बोलले होते. माझा हात पुढं जाईना.

"मग मीही नाही खात," मी म्हणाले. "नको मला ते कोईमतूर."

"खुळी हैस काय?" आईनं घास केला आणि माझ्या तोंडाशी धरला. "दिवस बुडायला आलाय. खा लवकर. उपास माझा हाय, तुझा न्हाय."

मी तोंड उघडलं. रडत रडत अख्खा डबा संपवला, एका जागी बसून.