लेथच्या जागेवर

आईचं दुखणं काढून थोरली सून माहेराहून परतली, ती पिशवी घरात टेकवून तशीच मागच्या दारानं कारखान्यात गेली. कारखाना म्हणायचा इतकंच. घरामागची लांबट खोली ती. दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं पोट आत घ्यावं. तिथं तिचा नवरा आणि धाकटा दीर सुतारकाम करत, आणि खिडकीखालच्या लेथवर लाकूड गोल फिरवून ती खुर्च्यांचे पाय, पाळण्यांचे खांब, कठड्यांचे दांडे कातत असे. सासऱ्यांनी स्वतः उभं राहून तिला शिकवलं होतं.

दारातच तिचा पाय थबकला. लेथ नव्हती. तिच्या जागी लख्ख झाडलेली फरशी होती, आणि कमरेवर हात ठेवून दीर त्या फरशीकडे स्वतःच्या पराक्रमाकडे बघावं तसा बघत होता.

“या वहिनी! बघा, कसं मोकळं मोकळं वाटतंय. सगळी मशिनं भिंतीला लावली. आता इथं नाचलं तरी चालेल.”

“माझी लेथ कुठंय?”

“पडवीत. ताडपत्री घातलीय हो, भिजायची नाही.”

“कुणाला विचारून?”

“त्यात विचारायचं काय? तुम्ही नव्हता, म्हटलं काम उरकून घ्यावं. आणि तुमचं काम तरी असतं कधीमधीच.”

“कधीमधी? मागच्या डझनभर खुर्च्यांचे पाय काय आपोआप गोल झाले?”

दीर हसला. थोरला, तिचा नवरा, रंधा मशीनशी खाली वाकून एक बोल्ट चाचपत होता. तो बोल्ट घट्ट होता हे तिला दारातून दिसत होतं.

ती पडवीत गेली. ताडपत्री उचलली आणि तिच्या अंगाची लाही लाही झाली. लेथची मोटर काढून नेलेली. पट्टा नुसताच लोंबत होता, मेल्या सापासारखा.

“ती भुसा ओढायच्या पंख्याला लावलीय,” आतून दिराचा आवाज आला. “रिकामी पडून काय करायची?”

थोरलीचा आवाज कधी चढत नसे, त्या दिवशीही चढला नाही. पण आतून ती पेटली होती. शेजारणीची कढई हवी असली तरी माणूस उंबऱ्यापाशी थांबून विचारतं. इथं तिच्या हातातलं काम उचलून नेलं, आणि वर ताडपत्री घातल्याचे उपकार! देवानं माणसाला दोन पाय दिले, ते टेकवायला जागाही त्यानंच दिली असणार. ती काढून घेणारे हे कोण? आणि दिराचं एक वेळ सोडा, तो आडदांड आहेच. पण ज्याच्याशी जन्माची गाठ, त्यानं बोल्ट चाचपत बसावं?

दुसऱ्या दिवशी मोठ्या कपाटाचं काम लागलं. ती चहा घेऊन आली, तेव्हा थोरला करवत मशीनवर लांब फळी चिरत होता. फळी पात्यापलीकडे सरकत गेली, तिचं टोक हवेत आलं आणि जडपणानं खाली झुकलं. पातं चिरेत आवळलं गेलं. मशीन किंचाळलं आणि फळी उलटी उसळून थोरल्याच्या बरगडीवर बसली. कप खाली ठेवायचंही तिला भान राहिलं नाही. तशीच धावत जाऊन तिनं बटण बंद केलं.

“काही नाही, मुका मार आहे,” बरगडी धरून तो म्हणाला.

लेथ होती तेव्हा हे होत नसे. सासऱ्यांनी लेथच्या पायांखाली ठोकळे देऊन ती नेमकी करवत मशीनच्या उंचीला आणली होती. लांब फळी चिरायची असली की थोरली कातणं थांबवी, लेथवर पाट टाकी, आणि फळी अलगद त्यावर येऊन टेके. एकाच जागेत आळीपाळीनं दोन कामं. दीर बहुतेक वेळ गिऱ्हाइकांच्या घरी कपाटं बसवत फिरायचा. त्याला ही मेख माहीत नव्हती. थोरल्याला मात्र पुरती माहीत होती.

मग दिवसभर फळीचं टोक धरून दीर उभा राहिला. ना त्याला ड्रिल हातात घेता येईना, ना जागचं हलता येईना. जागा सुटली होती आणि माणूस अडकला होता. संध्याकाळी मान चोळत तो पडवीत आला.

“वहिनी, तुमचंच खरं. लेथ आत घेऊ परत.”

तिनं सुटकेचा श्वास घेतला, तोच तो म्हणाला, “मोटर राहू दे पंख्याला. वर पाट टाकला की टेबल म्हणून झकास आहे ती.”

“टेबल हवं असेल तर टेबल करा, भावजी. सुतार आहात ना?”

त्याला वाटलं, चेष्टा आहे. तो दात काढू लागला.

“हसू नका. फळीला टेकायला जागा हवी म्हणून लेथ आठवली. मी उभी होते तिथं, ते नाही आठवलं. मोटरसकट जाईल ती आत, नाहीतर इथंच गंजेल. फळी मग धरा तुम्ही जन्मभर.”

“अहो पण वहिनी, भुसा?”

“झाडू आहे,” मागून थोरला म्हणाला. हातात पाना होता. बरगडी सांभाळत तो पंख्याशी गेला आणि मोटर सोडवू लागला.

तिघांनी मिळून लेथ आत नेली, ठोकळ्यांवर चढवली. मोटर बसवताना दीर बाजूला झाला, तशी ती नवऱ्याला हळूच म्हणाली, “कालच का नाही बोललात?”

“हौसेनं केलं होतं त्यानं. म्हटलं, मन मोडेल.”

“आणि माझं?”

त्यानं पाना तिच्यापुढे धरला. “तूच आवळ.”

तिनं पाना घेतला. बोल्ट बसले, घट्ट झाले, तरी ती आवळतच राहिली.

“वहिनी, आटे जातील,” दीर दबकत म्हणाला.

“पुन्हा काढायचीय का कुणाला?” तिनं विचारलं, आणि आणखी अर्धा वळसा दिला.