बंद डब्याचं बूड

मोठ्या बाई शिबिराहून परतल्या आणि माझ्या डोक्याला नवा ताप झाला. प्रत्येक तासाची पहिली तीन मिनिटं मुलांनी डोळे मिटून नुसतं श्वासाकडे लक्ष द्यायचं. पुढे वर्गात कुणीही छातीठोकपणे काही म्हटलं, की इतरांनी ‘कशावरून?’ असं विचारायचं. मास्तरांनासुद्धा! वीस वर्षं गणित शिकवतोय मी. नववीच्या त्या माकडांच्या हाती बाईंनी कोलीतच दिलं.

त्या दिवशी चाचणीचे पेपर घेऊन मी तणतणतच वर्गात शिरलो. बंद गोल डब्याला पत्रा किती लागेल, असं एक गणित होतं. उत्तर ७४८. पहिल्या बाकावरच्या दोघी मैत्रिणींचं मात्र ५९४. चूकही तीच: झाकण धरलं, बूड विसरल्या. त्यातली एक आमची टिपकागद, म्हणजे फळ्यावरचं अक्षर न् अक्षर वहीत उतरवणारी. शाळेतर्फे गणिताच्या स्पर्धेला तीच जाणार होती आणि महिनाभर त्याच तयारीत होती. तीन मिनिटांची मी वाटच पाहिली नाही.

“कॉपी! दोघींना शून्य. आणि टिपकागद, स्पर्धेतून तुझं नाव कटाप.”

पोरीचा चेहरा पांढराफटक पडला.

मागच्या बाकावरून बारीक आवाज आला, “कशावरून, सर?”

“चूक एकसारखी आहे, त्यावरून!”

“पण दोघींना ती तिसऱ्याच कुणाकडून मिळाली नाही कशावरून?”

आता सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. नियम म्हणजे नियम. मी डोळे मिटले. श्वास कसला, नाकातून वाफ निघत होती. दुसऱ्या मिनिटाला जरा निवलो, तेव्हा तो प्रश्न पटू लागला आणि त्याचाच जास्त राग आला.

“वही आण गं तुझी,” मी म्हणालो.

वहीत तेच गणित, तारखेसकट. आकृती, पायऱ्या आणि खाली माझ्या सवयीप्रमाणे दोन रेघा मारलेलं उत्तर: ५९४. बूड मीच विसरलो होतो. बाकीच्यांनी पुस्तकातलं सूत्र घोकलं होतं, म्हणून त्यांचं बरोबर आलं. माझ्या शिकवण्याकडे अख्ख्या वर्गात लक्ष होतं ते या दोघींचंच.

“चूक माझी,” मी म्हणालो. एवढे दोन शब्द काढताना घाम फुटला. “दोघींना पूर्ण गुण. स्पर्धेला तूच जायचंस. माफ कर मला, पोरी.”

ती वही घेऊन वळली, तरी मला राहवेना. “पण तू एवढी हुशार. डब्याला बूड नाही, हे तुला कळलं कसं नाही?”

“कळलं होतं, सर. त्याच दिवशी.”

“मग पेपरात तसंच का लिहिलंस?”

ती खाली बघत म्हणाली, “पेपर तुम्हीच तपासणार होतात ना.”