बारा गेमांचा वाटा

गिऱ्हाईक पाटीकडे वाकलं की त्याच्या घरात किती ताटं वाढतात ते मला कळतं. तोंडाकडे बगायची पण गरज नाय. बोईसरच्या मासळीबाजारात सासूच्या जागेवर मी बसते. रंभाबाई कुठे बसते विचारलंत तर कोणीपण बोट दाखवेल, आणि वर सांगेल, भाव करू नका, शिव्या खाल. खोटं नाय ते.

आमच्यात बारीक मासळी वाट्याने विकतात. मांदेली, करंदी, दोन-चार ढोमे, वर एखादं बरं पापलेट, असा ढीग लावायचा आणि ढिगाचा एक भाव सांगायचा. नुसतं पापलेट मागितलंत तर ते एकटंच महागात पडतं. म्हणून शहाणा माणूस वाटा उचलतो, आज निम्मं खातो, निम्मं उद्याला ठेवतो. वाट्यातलं निवडू मात्र मी कोणाला देत नाय. घ्यायचा तर अख्खा घे, नायतर पुढे हो.

कॉलनीतल्या अर्चनाताई माज्या जुन्या गिऱ्हाईक. कायम मोठा वाटा न्यायच्या. एक दिवस आल्या आणि दोनच बोंबील द्या म्हणाल्या. आवाज रोजचा, पिशवी रोजची. मी बोंबील उचलायचे सोडून त्यांचा हात धरला आणि विचारलं, कोण गेलं बाय? बाई तिथेच चिखलात मटकन बसल्या. नवरा गेला होता, आणि पोरगा तर आदीच परदेशात. निमेश, माजा मुलगा, त्या दिवशी माज्याबरोबर होता. कॉलेजला सुट्टी असली की पाटी उतरवायला यायचा. घरी दांडी गावाला जाताना टमटमभर त्याने माजं डोकं खाल्लं, तुला कळलं कसं म्हणून. मी म्हटलं, त्यात काय मोठं? वाटा घेणारा उद्याचं धरून घेतो. ज्याला उद्याचं काय उरलं नाय तो सुटं मागतो. बोलले आणि विसरून गेले.

पुढे निमेश बोईसरला एका कारखान्याच्या लॅबमध्ये लागला. पहिल्या पगारातनं त्याने कंप्युटर आणला, जुनाच, आणि पडवीतल्या खोलीत मांडला. ड्युटीवरून आला की त्याच्यावर गेम खेळायचा. मी ओरडायचे, अरे मेल्या, बाहेर एवढा दर्या पडलाय, तो बग. तो हसायचा आणि खेळायचा.

मग त्याला ताप यायला लागला. पायावर, पाठीवर काळेनिळे डाग उठले, कोणी मारलं नाय, कुठे आपटला नाय. पालघरच्या डॉक्टरांनी रक्त तपासून मुंबईला धाडलं. तिथे कळलं, रक्ताचा कॅन्सर. औषदं झाली, केस गेले, परत आले. केस आले तेव्हा मी अख्ख्या आळीला जेवू घातलं. आणि मग दुखणं पण परत आलं. मोठ्या डॉक्टरीणबाईंनी आमा दोघांना बाहेर बोलावलं. हळू आवाजात म्हणाल्या, आता काय लागू पडत नाय, घरी न्या, मागेल ते खायला घाला, होळीपर्यंत राहिला तर खूप. माजा नवरा पंढरी, वादळात होडी हाकणारा माणूस, भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग म्हणाला, पोराला सांगायचं नाय.

नाय सांगितलं. मी आत गेले आणि निमेशला म्हटलं, औषद बदललंय, गुण यायला जरा वेळ लागेल. तोंड चालवण्यात माजा हात कोणी धरत नाय, पण तेवढं एक मी त्याची चादर झटकत बोलले. तो म्हणाला, बरं. एवढंच.

तेव्हापासून मला दुसरी भीती उरली नव्हती. मरण येणार होतं, ते माज्या हातात नव्हतं. पण माजं पोर खाटेवर पडून त्याची वाट बगत बसेल, हे मी होऊ देणार नव्हते. आळीत सगळ्यांना बजावून ठेवलं, माज्या दारात रडकं तोंड घेऊन याल तर तंगडं तोडीन. बाया भ्यायल्या. येताना हसत यायच्या, जाताना कोपऱ्यावर डोळे पुसायच्या.

मेहुल माज्या बहिणीचा मुलगा. बोईसरला कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात असतो. दर रविवारी निमेशकडे यायचा. एका रविवारी मी चुलीपाशी होते आणि खोलीत दोघांची वादावादी ऐकू आली. निमेशला एक नवा गेम हवा होता, मासे पकडायचा. काठावर बसायचं, गळ टाकायचा, संपलं. मेहुल म्हणत होता, तेवढाच घे, चहाच्या पैशात येतो. निमेश म्हणत होता, सुटा नको, बंडल घ्यायचं. त्याला बरं वाटत नसलं की आवाज फुटायचा नाय, पण त्या दिवशी चांगला मोठ्याने बोलत होता. मग त्याने मला हाक मारली.

मी हात पुसत गेले. त्याने मला सगळं नीट समजावलं. बारा गेम एकत्र, मासे पकडायचा पण त्यातच, किंमत एक, आणि सेल आजच्या दिवसच. सुटे घेतले तर पाचपट जातात. एकात शहर वसवायचं, एकात आगगाड्या चालवायच्या, एकात शेती, एकात फुटबॉल, एकात तर एवढी मोठी गोष्ट की पावसाळा जाईल पण ती सरणार नाय. त्यातले दोन-तीन आवडते असले तरी पैसे फिटले, बाकीचे फुकटात. मेहुल मधेच म्हणाला, अरे पण एकेकाला महिना महिना लागतो, एवढं सगळं तू कदी... आणि थांबला.

निमेश शांतपणे म्हणाला, "खेळेन की. दोन वर्षं पुरतील. मला कुठे घाई हाय?" मग माज्याकडे वळून म्हणाला, "वाटाच हाय ना, आये? सुटं घेतो तो खुळा."

मी हसले. खुळाच तो, म्हटलं. कमरेच्या पिशवीतनं पैसे काढून मेहुलच्या हातात कोंबले, जन्मात पहिल्यांदा भाव न करता. मग चुलीपाशी येऊन पदराचा बोळा तोंडात धरला. माज्या पोराने वाटा घेतला होता. त्याला दोन वर्षं दिसत होती. त्याला काय कळलेलं नव्हतं.

पंढरी किनाऱ्यावर जाळं शिवत बसला होता, न फाटलेलं. त्याला जाऊन सांगितलं. त्याने दोनदा विचारलं, नक्की ना? मी म्हटलं, गिऱ्हाईक मला फसवत नाय. त्या सांजेला आमी दोघं पोटभर जेवलो.

मग रोज बाजारातनं आले की मी विचारायचे, आज काय खेळलास? तो सांगायचा, आज घाटातनं मालगाडी काढली. आज गहू कापला. आज माज्या शहरात पूल झाला, खालनं नदी जाते. मी ते बाजारात सांगत सुटायचे. माजा निमेश शहर बांदतो, म्हणायचे. अर्चनाताई म्हणाल्या, एकदा बगायला येईन. पोर इकडे वाळत चाललं होतं, उशीवर रोज रक्ताचे डाग, शर्ट हँगरला अडकवल्यासारखा खांद्यावर. तरी मी देवाला सांगत होते, पूल झालाय, आता शहर तरी पुरं होऊ दे.

होळीला थोडेच दिवस राहिले होते. आळीतली पोरं होळीचं लाकूड आणायला गेली होती. निमेशला जरा डोळा लागला होता आणि मेहुल बसून होता. मी त्याला म्हटलं, मला ते शहर दाखव. आपल्या पोराने बांदलेलं शहर आईने बगायला नको? त्याने कंप्युटर चालू केला, बगितलं, आणि गप्प बसला. मी डाफरले, दाखव ना, तोंडात मिठाची गुळणी धरलीस काय?

मेहुल म्हणाला, "मावशी, शहर नाय इथे."

मला नीट कळेना तसं त्याने परत सांगितलं. बारातले अकरा गेम निमेशने कंप्युटरवर उतरवून घेतलेच नव्हते. एकदाही उगडले नव्हते. घेतले तसे पडून होते. आगगाडी नाय, गहू नाय, पूल नाय. एक मासे पकडायचा तेवढा खेळलेला, आणि तो एका दुपारी संपतो. निमेशने तो संपवला होता, परत पहिल्यापासून सुरू केला होता, परत संपवला होता. कितीतरी वेळा.

पहिल्यांदा मला रागच आला. अख्खा वाटा घेऊन उकिरड्यावर टाकल्यासारखं वाटलं. मग वळून बगितलं तर निमेश जागा होता. किती वेळ ऐकत होता कोण जाणे. मी खाटेपाशी गेले आणि विचारलं, तुजं शहर कुठे हाय?

त्याचे ओठ फुटलेले होते, तरी जरासा हसला.

"आये, अर्चनाताईंना तू दोन बोंबलांवरनं ओळखलंस. मी एकच गेम मागितला असता तर तू पण तशीच मटकन बसली असतीस."

कदीपासनं माहीत होतं तुला, मी विचारलं. हॉस्पिटलातच कळलं, म्हणाला. दाराला काच होती. भिंतीकडे तोंड करून उभे राहिलेले बाबा त्याला दिसले होते. त्यांची पाठ बगून कळलं, म्हणाला, मग तू आत आलीस आणि औषद बदललंय म्हणालीस, तेव्हा म्हटलं, असू दे.

"मग खेळायचे तरी होतेस ना रे ते," मी म्हटलं.

"अर्दे राहिले असते," तो म्हणाला. "हा संपतो."

मला रंभाबाई म्हणतात. बाजारात गिऱ्हाईक मी नुसतं बगून ओळखते. पण माजंच पोर मला ओळखता आलं नाय. एवढे दिवस मला वाटत होतं मी त्याला राखतेय, आणि पडल्या पडल्या तोच मला राखत होता. रोज मालगाड्या आणि पूल रचत होता, माज्या हातून पाटी सुटू नये म्हणून. आमी दोघं तिकडे पोटभर जेवत होतो, आणि माज्या लेकराला ज्याच्याजवळ घाबरावं असं एक माणूस मिळालं नाय. आमीच मिळू दिलं नाय. देवा, असला शहाणपणा वैऱ्याला पण देऊ नको.

मी त्याच्या बाजूला आडवी झाले, तो लहान असताना व्हायचे तशी. मेहुल कदी बाहेर गेला कळलं नाय. निमेशने माजा पदर मुठीत धरला.

"आये, दुखेल काय गं?"

हे त्याला किती दिवस विचारायचं होतं? मी म्हटलं, मी हाय ना. दुसरं मला काय ठाऊक होतं?

आळीची होळी उभी राहिली, पण त्या वर्षी आमच्या दारासमोर ढोल वाजला नाय. त्याच्या आदल्याच दिवशी आमी निमेशला मसणात नेला होता.

बाराव्याला मेहुल आला तेव्हा मी त्याला म्हटलं, ते अकरा गेम तू घे. नायतर कोणा गरिबाच्या पोराला दे. तो म्हणाला, मावशी, ते देता येत नाय. निमेशच्या नावावर घेतलेत, त्याच्यानंतर दुसऱ्या कोणाच्या नावावर होत नाय. न खपलेले बोंबील मी वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, सुकत घालते, पावसाळ्यात कोणाच्या तरी तोंडी लागतात. याचं तेवढं पण होत नाय. ते त्या डब्यात तसेच पडणार, कोणाचेच नाय.

मग पोटासाठी बाजारात जाऊन बसावं लागलं. पाटी उतरवली, फडका ओला केला आणि मासळी मांडली. निमेश गेल्याचं अर्चनाताईंना ठाऊक नव्हतं, त्या मधे पोरग्याकडे परदेशात होत्या. पिशवी घेऊन आल्या, वाकल्या, आणि पाटीकडे बगतच राहिल्या. मी त्या दिवशी एकपण वाटा लावला नव्हता. सगळी मासळी सुटी पडली होती.

त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि माजा हात धरला.