युसूफ वडगावचं त्रैमासिक कोण वाचतं?

मी युसूफ वडगावच्या कॉलेजात ग्रंथपाल, आणि स्वभावाने उतावळा. त्र्याण्णव साली दिल्लीहून पत्र आलं: तुमचं संशोधन-त्रैमासिक परदेशात कुणाच्या नजरेस पडतं का, याचा पुरावा मार्चअखेर पाठवा, नाहीतर अनुदान बंद. नवं वारं होतं, जगाला दिसेल तेवढंच खरं. कोरडवाहू ज्वारीवरचं हे इंग्रजी त्रैमासिक मन्मथप्पा सर अठरा वर्षं एकहाती काढत होते. अंक परदेशी जायचे, पोच कधीच यायची नाही.

परदेशी लेखांत आपले उल्लेख किती, हे मोजायच्या जाड सूची असतात म्हणे. आमच्याकडे त्या कुठल्या? मी चाळीस परदेशी ग्रंथालयांनाच विचारलं: आमचे अंक मिळतात का, कुणी वाचतं का? समोरच्याला भुर्दंड नको, म्हणून रीतीप्रमाणे प्रत्येक पत्रात आपलं तिकीट लावलेलं जवाबी कार्ड घातलं.

मग माझं जे सुरू झालं ते विचारू नका. दिवसातून तीनदा पोस्टात. पोस्टातला शहादेव वैतागला. "कावून सारखं येताव? म्या काय कार्डं खातो का?"

तीस मार्च उजाडली तरी एकही कार्ड नाही. सर म्हणाले, "संगमेश, दम खा. मुदत वाढवून मागू." मला कुठला धीर? त्या चाळीस जणांचा राग आलेला, थोडा सरांचाही. "न्हाई सर, जे हाय ते हाय," म्हणून मी अहवालात शून्य लिहिलं आणि रजिस्टरने धाडून मोकळा झालो.

अनुदान गेलं. छापखान्यात खिळे जुळवून ठेवलेला एप्रिलचा अंक सरांनी समोर उभं राहून मोडायला लावला, खिळे परत खणांत गेले.

मे महिन्यात हॉलंडहून लिफाफा आला. आत माझं कार्ड आणि तिथल्या ग्रंथपाल बाईंचं पत्र. तुमच्या देशाचं तिकीट आमच्या पोस्टात चालत नाही, कार्ड आमच्याकडेच परत आलं, म्हणून उशीर झाला. कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं झालं मला. बाकीच्यांची कार्डंही अशीच अडकली असणार.

भर उन्हात सरांच्या घरी गेलो. "सर, चूक माझी हाय," म्हणालो आणि पत्र वाचून दाखवलं. बाईंनी पुढे लिहिलं होतं: पहिल्यापासूनचे सगळे अंक आम्ही बांधून ठेवलेत. एप्रिलचा तेवढा आला नाही. आमचे तीन विद्यार्थी रोज विचारून जातात.

"ते शेवटचं परत वाच," सर म्हणाले.

मी पत्रच त्यांच्या हातात दिलं.